कारखान्यातून घरी आलेली पदके आणि बिल्ले : ओळख, नोंद आणि जतन

आमच्या घरी खंडेनवमीला वडिलांचा मायक्रोमीटर, दोन कानशी, एक कॅलिपर आणि पत्र्याच्या डब्यातली तीन पदके पाटावर मांडली जात. वडील सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षे होते. पूजेच्या आदल्या दिवशी ती पदके चिंच आणि राखेने घासून लखलखीत करण्याचे काम माझ्याकडे असे, आणि वीसेक वर्षे मी ते फार मनापासून केले. वडील गेल्यावर कागदपत्रे आवरताना पदके नीट निरखली, तेव्हा पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेल्या पदकावरचा चांदीचा मुलामा पार गेलेला दिसला. मागच्या बाजूला पंचाने, म्हणजे पोलादी ठशाने, ठोकलेल्या टिकट नंबरातले (कामगाराच्या ओळख क्रमांकातले) शेवटचे दोन आकडेही वाचता येईनासे झाले होते. जुन्या हजेरीपटात त्यांची नोंद शोधायला तोच नंबर लागणार होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने पुसला होता.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असे डबे असलेली घरे पुष्कळ आहेत. किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी, साताऱ्यातले कूपर आणि महाराष्ट्र स्कूटर्स, कोयनेचा प्रकल्प, कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातले सहकारी साखर कारखाने, सांगली-मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहती, या साऱ्यांतून तीन-तीन पिढ्या निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या घरांतली पदके, बिल्ले आणि टोकने ओळखावीत कशी, त्यांची नोंद कशी घ्यावी आणि ती टिकवावीत कशी, हे ज्या क्रमाने करावे त्याच क्रमाने पुढे मांडले आहे. अशा वस्तूची खरी किंमत धातूत फार थोडी असते. ती कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या कामासाठी मिळाली हे तिच्यासोबत लिहिलेले असेल तरच ती औद्योगिक इतिहासाचा पुरावा ठरते, असे माझे ठाम मत आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्याच मताला धरून आहे.

सुरुवातीला : हात आवरावा

डबा उघडल्यावर पहिले काम म्हणजे काहीही न पुसणे. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, भांडी घासण्याची पावडर किंवा सराफाकडचे पॉलिश यांपैकी काहीही लावू नये. धातूवर वर्षानुवर्षांत चढलेला तपकिरी किंवा काळसर थर धातूचे रक्षण करतो, आणि चांदीचा मुलामा तर इतका पातळ असतो की दरवर्षीच्या घासण्याने तो हळूहळू निघून जातो. पदक ज्या पेटीत, कागदात किंवा पाकिटात सापडले असेल ते फेकू नये. पेटीच्या झाकणाच्या आतल्या कापडावर बनवणाऱ्या दुकानाचे नाव छापलेले असण्याची शक्यता असते, आणि काही वेळा संपूर्ण वस्तूवर तेवढाच पत्ता शिल्लक असतो. डब्यात वस्तू कोणत्या क्रमाने होत्या, कशासोबत गुंडाळलेल्या होत्या, याचा हात लावण्याआधीच एक फोटो काढावा.

वस्तू हाताळताना सुती हातमोजे घालावेत किंवा हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, आणि ती नेहमी कडेने धरावी. घामातले क्षार तांब्यावर आणि चांदीवर बोटांचे कायमचे ठसे उमटवतात. खाली जाड टॉवेल पसरावा, म्हणजे हातून निसटले तरी कडेला पोचा येणार नाही.

वस्तू कोणत्या जातीची आहे

घरात आपण सगळ्यालाच 'मेडल' म्हणतो. नोंद करताना मात्र चार जाती वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पहिली जात टोकनाची. कारखान्याच्या इतिहासात टोकन पदकाइतकेच महत्त्वाचे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये तांब्याच्या सुट्या नाण्यांचा दुष्काळ पडला आणि शेकडो कामगारांचा आठवड्याचा पगार चुकता करणे मालकांना अवघड झाले. १७८७ साली वेल्समधल्या पॅरिस माइन कंपनीने स्वतःच्या तांब्याची पेनी टोकने काढली. त्यांवर ड्रुइड पुरोहिताचा मुखवटा होता आणि धारकास एक पेनी देण्याचे वचन होते. त्याच वर्षी लोखंडाचे कारखानदार जॉन विल्किन्सन यांनी स्वतःचा चेहरा असलेली टोकने काढली. राजाच्या जागी कारखानदाराचा चेहरा आणि मागे भट्टीचा किंवा घणाचा देखावा, ही कल्पना पुढच्या स्मारक पदकांच्या मुळाशी आहे. ब्रिटनमध्ये १८१७ च्या कायद्याने खाजगी टोकने बंद केली. आपल्याकडे आसाम, काचार आणि सिल्हेटच्या चहाच्या मळ्यांनी एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी अशीच टोकने वापरली, आणि त्यांतली बरीचशी बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत तयार झाली.

आपल्या भागात सापडणारी टोकने बहुधा मजुरीची नसतात. पितळेची गोल किंवा षटकोनी चकती, वर एक भोक आणि नुसता एक नंबर, अशी वस्तू हाती आली तर ती हजेरीची किंवा टूलरूमची असावी. हजेरीचे टोकन कामगार आत येताना फळ्यावरून उचलून पेटीत टाकत असे. टूल टोकनाची रीत वेगळी होती : स्टोअरमधून ड्रिल किंवा गेज घेतले की त्या जागेवर आपल्या नंबरचे टोकन अडकवायचे आणि वस्तू परत केली की ते सोडवून घ्यायचे. एकाच नंबरची पाच-सहा टोकने एका घरात सापडली तर ती जवळजवळ नक्की टूल टोकने समजावीत. कॅन्टीनची टोकने हलक्या पत्र्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असतात.

दुसरी जात बिल्ल्याची. मागे पिन किंवा स्क्रू असतो, पुढे रंगीत मिना, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, आणि समारंभात स्वयंसेवक, पाहुणे किंवा संचालक यांच्या छातीवर तो लावलेला असतो. तिसरी जात पदकाची : सेवेचे, बक्षिसाचे, सुरक्षेचे, प्रदर्शनाचे किंवा वर्धापनाचे. चौथी जात चांदीच्या भेटनाण्यांची. एका बाजूला लक्ष्मी किंवा गणपती आणि दुसरीकडे कारखान्याचे नाव व बोधचिन्ह, अशी नाणी दिवाळीला, रौप्यमहोत्सवाला किंवा गळीत हंगामाच्या विक्रमाबद्दल वाटली गेली. त्यांना नाणी म्हणतात खरे. पण सरकारने काढलेल्या स्मारक नाण्यांशी त्यांची गल्लत करू नये. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पंचाहत्तरीचे पाच रुपये, २००३ मध्ये भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांचे दोन रुपये आणि २००६ मध्ये ओएनजीसीच्या पन्नाशीचे पाच रुपये निघाले. ते कायदेशीर चलन आहे, त्यावर मूल्य छापलेले असते, आणि ते वितळवणे किंवा विद्रूप करणे २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे.

माप, वजन आणि धातू

डिजिटल व्हर्नियरने व्यास आणि कडेची जाडी मोजावी. व्हर्नियरचे जबडे लोखंडी असतात, म्हणून मध्ये पातळ कागद धरावा. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करावे. असा छोटा काटा आता सहज मिळतो. वजन ११.६६ ग्रॅमच्या जवळ आले तर ती एक तोळ्याची वस्तू आहे, आणि मग ती मेट्रिक मापे रुळण्याआधीची किंवा जुनी सवय सांभाळणाऱ्या सराफाने केलेली असावी. नेमके १० किंवा २० ग्रॅम भरले तर ती नंतरच्या काळातली.

त्यानंतर लोहचुंबक लावून पाहावे. चुंबकाला घट्ट चिकटले तर आत लोखंड आहे, वरचा रंग कोणताही असो. न चिकटल्यास घनता काढावी. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून काटा शून्यावर आणावा, पदक बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असे धरावे, आणि काट्यावर दिसणारा आकडा लिहून घ्यावा. तो आकडा म्हणजे पदकाचे घनफळ. समजा पदकाचे वजन ३१.२ ग्रॅम आहे आणि पाण्यातला आकडा ३.० आला, तर घनता १०.४ होते आणि ती चांदीशी जुळते. तोच आकडा ३.७ आला तर घनता ८.४ च्या आसपास, म्हणजे पितळ. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, शिशाची ११.३४ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७ असते. जर्मन सिल्व्हरच्या नावात चांदी असली तरी त्यात चांदी मुळीच नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे आणि त्याची घनता पितळेच्या थोडी वर येते. पदकाला फीत, मिना, पोकळ भाग किंवा चिकटवलेले तुकडे असतील तर त्याला पाण्यात मुळीच बुडवू नये.

घनतेवर एकट्याने विसंबू नये, कारण शिसे आणि तांबे योग्य प्रमाणात मिसळले की चांदीचा आकडा मिळू शकतो. विटा-खानापूर भागातले गलाई व्यावसायिक देशभर सोन्याचांदीची शुद्धता काढतात, आणि आपल्या भागात या विद्येची कमतरता नाही. पण त्यांच्याकडे जाताना एक गोष्ट स्पष्ट सांगावी : कानशीने घासून, तुकडा काढून किंवा आम्लाचा थेंब टाकून तपासणी करू नये. हॉलमार्किंग केंद्रांत क्ष-किरणांवर चालणारे यंत्र असते. ते वस्तूला ओरखडाही न पाडता पृष्ठभागातल्या धातूंचे प्रमाण सांगते. हा आकडा फक्त वरच्या थराचा असतो हे लक्षात ठेवावे. म्हणून यंत्राचा निकाल आणि घनता जुळली तरच धातू नक्की मानावा.

कसे घडवले आहे

टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला ही पायरी सांगावी लागत नाही. बाकीच्यांनी दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. डायमध्ये, म्हणजे कोरलेल्या पोलादी ठशात, दाबून काढलेल्या पदकावर अक्षरांच्या कडा धारदार असतात, मोकळी जागा सपाट आणि गुळगुळीत असते, आणि अक्षराच्या पायथ्याशी धातू वाहिल्याच्या बारीक रेषा दिसतात. ओतीव पदकावर कडा गोलसर असतात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि कडेवर साच्याच्या सांध्याची रेषा किंवा ती कानशीने घासल्याची खूण असते. मूळ पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. दोन सहकाऱ्यांच्या घरची एकसारखी पदके शेजारी ठेवून मापली की हा फरक लगेच कळतो.

डायने छापण्याच्या या कलेचा औद्योगिक इतिहासच मोठा आहे. मॅथ्यू बोल्टन यांनी १७८८ मध्ये बर्मिंगहॅमजवळ सोहो टांकसाळ उभारली आणि वाफेच्या इंजिनाची ताकद छपाईच्या प्रेसला जोडली. १७९७ मध्ये तिथे छापलेली ब्रिटिश पेनी बरोबर एक औंस वजनाची होती, म्हणजे नाणेच वजन म्हणूनही वापरता येई. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ मध्ये तांब्याचे पैसे याच टांकसाळीत तयार झाले. त्यांवर तराजू आहे आणि दोन पारड्यांच्या मध्ये 'अदल' (न्याय) हा शब्द आहे. असे तराजूचे तांब्याचे पैसे मुंबईच्या टांकसाळीनेही पुढे छापले, आणि जुन्या घरांच्या देवघरात ते कधी कधी सापडतात. सोहोचे प्रेस १८५० मध्ये राल्फ हीटन यांनी विकत घेतले. मुंबईची टांकसाळ १८२९ पासूनची; तिनेही नाण्यांसोबत पदके छापली आहेत.

पुढची बाजू सरळ धरून पदक उभ्या अक्षावर, म्हणजे पुस्तकाचे पान उलटावे तसे, फिरवावे. मागची बाजू सरळ दिसली तर नोंदीत 'पदक-जुळणी' लिहावे, उलटी दिसली तर 'नाणे-जुळणी'. एकाच समारंभाची दोन पदके वेगळ्या जुळणीची निघाली तर ती वेगळ्या वेळी छापली गेली असण्याची शक्यता असते. कड फिरवून पाहायला विसरू नये, कारण धातूचे प्रमाण, क्रमांक आणि बनवणाऱ्याची खूण बहुधा कडेवरच असते. इंग्रजी अमदानीतल्या चांदीच्या पदकावर नांगराची छोटी खूण असेल तर ते बर्मिंगहॅमला तपासले गेले आहे, चालणारा सिंह असेल तर चांदी ९२५ प्रतीची आहे, आणि शेजारचे एकटे अक्षर वर्षाचे आहे.

वर्ष कसे ठरवावे

सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा, कारण पुष्कळ पदकांवर वर्ष लिहिलेलेच नसते आणि असले तरी ते कशाचे वर्ष आहे हे लिहिलेले नसते.

मजकुरातल्या गावाच्या, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या नावांपासून सुरुवात करावी, कारण आपल्या भागाचा राजकीय नकाशा विसाव्या शतकात अनेकदा बदलला आहे आणि तो बदल धातूवर उमटलेला सापडतो. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर वसाहत उभारली तेव्हा ती जागा औंध संस्थानात होती. पदकावर 'औंध संस्थान' किंवा 'सांगली संस्थान' असेल तर ते १९४८ च्या विलीनीकरणाआधीचे. 'दक्षिण सातारा जिल्हा' असेल तर १९४९ ते १९६० या अकरा वर्षांतलेच, कारण त्याच काळात सांगली जिल्ह्याचे ते नाव होते. इतकी अरुंद खिडकी देणारा पुरावा दुसरा नाही, म्हणून हे दोन शब्द दिसले की मला फार आनंद होतो. 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचे. इंग्रजी मजकुरात पुण्याचे स्पेलिंग 'पूना' असेल तर बहुधा १९७८ च्या आधीचे. खाजगी कंपन्यांनी जुनी स्पेलिंगे पुढेही काही वर्षे चालवली, हे मात्र ध्यानात ठेवावे. सहा आकडी पिन कोड असेल तर १९७२ नंतरचे. राजाचा मुखवटा असेल तर तो कोणता राजा हे पाहावे : पंचम जॉर्ज १९१० ते १९३६, सहावा जॉर्ज त्यानंतर. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर ते बहुधा १९५० नंतरचे.

शकाचे वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवावेत, आणि समारंभ जानेवारी ते मार्च या महिन्यांत झाला असेल तर ७९. शके १८८२ म्हणजे १९६०-६१. गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया असा मुहूर्त लिहिलेला असेल तर जुन्या पंचांगावरून दिवसही काढता येतो.

महोत्सवांच्या नावांत मोठा सापळा आहे. रौप्य म्हणजे पंचवीस, सुवर्ण पन्नास, हीरक साठ, अमृत पंच्याहत्तर आणि शताब्दी शंभर हे सर्वांना ठाऊक असते; पण मोजणी कशापासून, हे आधी ठरवावे लागते. किर्लोस्करांचेच उदाहरण घ्यावे. बेळगावचे सायकलचे दुकान १८८८ चे, वाडी १९१० ची आणि कंपनीची नोंदणी १९२० ची. पदकावर नुसते 'सुवर्णमहोत्सव' असेल तर १९३८, १९६० आणि १९७० ही तीनही वर्षे हिशेबात शक्य ठरतात, आणि निवड करायला दुसरा पुरावा लागतो. त्यात भर म्हणजे संस्थापकांच्या जन्मशताब्दीची पदकेही निघतात. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा. १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. साखर कारखान्यांच्या बाबतीत नोंदणीचे वर्ष, पायाभरणीचे वर्ष आणि पहिल्या गळीत हंगामाचे वर्ष ही तिन्ही वेगवेगळी असतात, आणि हंगाम दोन इंग्रजी वर्षांवर पसरतो, म्हणून तो दोन वर्षांच्या जोडीनेच लिहावा.

धातूही तारखेची खालची मर्यादा सांगतो. विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले, म्हणून तसा मुलामा असलेली वस्तू त्यानंतरचीच. अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत १८८६ ची, आणि क्रोमचा चकचकीत मुलामा १९२० च्या दशकापासूनचा. शेवटी संस्थेचे नाव पाहावे. 'गुणवंत कामगार' हे शब्द महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या पुरस्काराकडे बोट दाखवतात. सुरक्षा सप्ताहाची पदके राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनेशी, म्हणजे ४ मार्च १९६६ शी, ताडून पाहावीत. ४ मार्च ही तारीख अशा पदकांवर वारंवार येते. 'प्रिया' स्कूटरचे चित्र असलेली साताऱ्यातली वस्तू महाराष्ट्र स्कूटर्सची, आणि ती कंपनी १९७५ ची. कंदिलाचे चित्र आणि 'प्रभाकर' हे नाव असेल तर ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याचा विचार करावा. तो १९१६ मध्ये सुरू झाला.

प्रदर्शनांच्या पदकांची गोष्ट थोडी निराळी आहे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात सोन्याचांदीची पदके दिलीच नाहीत, सर्व पदके काशाची होती : वरच्या दर्जाची सुमारे १७० आणि बक्षिसाची सुमारे २,९००. त्या प्रदर्शनाने कारखानदारांना एक सवय लावली, ती म्हणजे मिळालेले पदक जाहिरातीत, लेबलावर आणि किंमतपत्रकावर छापण्याची. आपल्याकडे १९०१ पासून काँग्रेसच्या अधिवेशनांसोबत औद्योगिक प्रदर्शने भरू लागली आणि स्वदेशी मालाला पदके मिळू लागली. म्हणून प्रदर्शनाचे पदक हाती आले तर त्या कारखान्याच्या जुन्या जाहिराती शोधाव्यात. त्यांत पदकाचे चित्र वर्षासह सापडण्याची चांगली शक्यता असते.

माणसे आणि कागद

वस्तूचे वाचन संपले की ज्यांना ती आठवते त्यांच्याकडे जावे, आणि लवकर जावे. निवृत्त कामगाराला 'हे पदक कशाचे?' असे विचारले की बहुधा 'कंपनीने दिले होते' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी पदक हातात देऊन विचारावे : कार्यक्रम कोणत्या शेडमध्ये झाला, पाहुणे कोण होते, सोबत टॉवेल, घड्याळ किंवा स्टीलचा डबा मिळाला का, खात्यातल्या सर्वांना मिळाले की निवडक लोकांना, त्या दिवशी पाऊस होता का, पाळी कोणती होती. सोबतच्या वस्तू आणि पाळी आठवली की माणसाला सगळा दिवस आठवतो, असा माझा अनुभव आहे. बोलणे परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि त्याच आठवड्यात लिहून काढावे. घरातल्या बायकांना वगळू नये. समारंभाला कोणते लुगडे नेसून गेलो होतो हे सांगताना माझ्या आईने पदकाचे वर्ष धाकट्या भावाच्या जन्मावरून अचूक सांगितले.

टिकट नंबर किंवा टोकन नंबर असल्यास पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या, नेमणुकीचे पत्र, कँटीनचे कार्ड आणि निवृत्तीचे पत्र यांच्याशी तो ताडून पाहावा. कारखान्यांची गृहपत्रिका असेल तर तिच्यासारखे साधन नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागले ते मुळात कारखान्याच्याच बातम्यांचे पत्र म्हणून. गावच्या वाचनालयातले जुने अंक, महोत्सवाच्या स्मरणिका, सहकारी कारखान्यांचे वार्षिक अहवाल आणि समूहछायाचित्रे यांतून छातीवरचा बिल्ला भिंगाखाली ओळखता येतो.

छायाचित्र आणि नोंद

ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळ करड्या रंगाच्या कागदावर पदक ठेवावे, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी आणि फोन पुस्तकांच्या दोन चळतींवर स्थिर टेकवून वरून फोटो घ्यावा. फ्लॅश वापरू नये. झिजलेली अक्षरे वाचायची असतील तर खोली अंधारी करून विजेरी पदकाच्या पातळीत, अगदी कडेने धरावी आणि चारही दिशांनी एकेक फोटो काढावा. समोरून अजिबात न दिसणारा आकडा अशा तिरप्या उजेडात सावलीमुळे उमटतो. वडिलांच्या नंबरातला एक हरवलेला आकडा मला याच रीतीने परत मिळाला. पुढची बाजू, मागची बाजू, कड, कडी आणि पेटी यांचे वेगळे फोटो घ्यावेत.

नोंद जाड बांधणीच्या वहीत शाईने करावी आणि तिची प्रत संगणकावर ठेवावी. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा, आणि तो वस्तूवर कधीही न लिहिता पाकिटावर लिहावा. एक नोंद साधारण अशी असावी :

'क्र. ७. सेवापदक, गोल, वर कडी, फीत नाही. व्यास ३८.१ मि.मी., जाडी २.९ मि.मी., वजन २७.४४ ग्रॅम. पितळ, चांदीच्या मुलाम्याचे अवशेष अक्षरांच्या कोपऱ्यांत. डायने छापलेले, पदक-जुळणी. पुढे : दातेरी चक्रात कारखान्याची चिमणी. मागे : "२५ वर्षे सेवेबद्दल", खाली पंचाने ठोकलेला नंबर ४१९[.]. कड कोरी. आईच्या सांगण्यानुसार धाकट्या भावाच्या जन्माच्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास मिळाले. कागदी पुरावा अद्याप नाही.'

चौकटी कंसातले टिंब म्हणजे न वाचता आलेला आकडा. अंदाज बांधून तो आकडा भरू नये. काय प्रत्यक्ष दिसते, काय कोणी सांगितले आणि काय आपण ताडले, हे तीन प्रकारचे ज्ञान नोंदीत वेगळे राहिले पाहिजे. एकदा ते मिसळले की पुढच्या पिढीला सोडवता येत नाही.

जतन

आपल्याकडचा पावसाळा, आणि कृष्णाकाठी पूर, हे या वस्तूंचे दोन मोठे शत्रू. मऊ आणि लवचीक पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटे वापरू नयेत. काही वर्षांत त्यांतून हिरवट, चिकट द्रव सुटतो आणि तांबे खातो. पॉलिएस्टरची कडक पारदर्शक पाकिटे किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे घ्यावीत. वर्तमानपत्र, रबरबँड, लोकरीचे कापड आणि डांबराच्या गोळ्या चांदीजवळ ठेवू नयेत. रबर आणि लोकरीतले गंधक चांदी काळी करते. लाकडी कपाटापेक्षा झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा बरा, आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्यांचा रंग बदलला की त्या वाळवाव्यात किंवा नव्या घालाव्यात. मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्याला एकदा डबा उघडून सगळे पाहावे.

तांब्या-पितळेवर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि झटकल्यावर काही दिवसांत पुन्हा आली, तर ती क्लोराइडमुळे होणारी झीज आहे. अशी वस्तू ताबडतोब वेगळ्या, कोरड्या डब्यात ठेवावी आणि धातूंचे संवर्धन जाणणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावी. गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा थर मात्र निरुपद्रवी असतो. त्याला हात लावू नये.

२०१९ च्या पुरात सांगलीतल्या पुष्कळ घरांत कपाटे पाण्याखाली गेली होती. पुराच्या पाण्यातून निघालेले पदक चिखल वाळण्याआधी स्वच्छ पाण्यात, आणि मिळाल्यास शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यात, न घासता हलवून धुवावे आणि मऊ कापडाने टिपून सावलीत वाळवावे. फीत वेगळी काढून सपाट वाळवावी. पेटी उघडी ठेवावी आणि पूर्ण वाळेपर्यंत पदक तिच्यात परत ठेवू नये. पुरात जाणारे घर असेल तर नोंदवहीची प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असलीच पाहिजे.

विकणे किंवा देणे

चांदीचा भाव चढला की अशी पदके वितळवण्याच्या मुशीकडे जातात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. घरची अडचण असेल तर विकण्यात काही गैर नाही. पण किमान फोटो, मापे आणि हकीकत आधी नोंदवून ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही, म्हणून शंभर वर्षांहून जुन्या प्रदर्शन-पदकाबद्दल ऑनलाइन विक्रीत परदेशातून मागणी आली तर नकार द्यावा.

संस्थेला द्यायचे असेल तर दोन प्रतींत पत्र करावे : वस्तूचा क्रमांक, वर्णन, वजन, फोटो आणि हकीकत एका पानावर, आणि खाली घेणाऱ्याची सही, शिक्का व त्यांच्या दप्तरातला नोंदणी क्रमांक. पदक भेट म्हणून दिले की प्रदर्शनापुरते ठेवायला दिले, हे त्या पत्रात शब्दांत लिहिलेले असावे. आपली प्रत नोंदवहीत त्याच वस्तूच्या पानावर चिकटवावी.